प्रोसीजरच्या पोटातली चिठ्ठी

समजा, आपल्या पतसंस्थेच्या ठेवींवर व्याज आकारणारी प्रोसीजर आपण ओरॅकल डेटाबेसमध्ये चालवली. पडद्यावर एकच ओळ आली, काम यशस्वीपणे पूर्ण झाल्याची. आणि टेबल उघडून पाहिले, तर तीन सभासदांचे व्याज शून्य. आत काय घडले, हे कळायचे कसे?

स्टोअर्ड प्रोसीजर म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेला, नाव घेतले की कामाला लागणारा छोटा प्रोग्रॅम. तो चालतो सर्व्हरवर आणि आपण बसलेलो असतो दुसऱ्याच संगणकापाशी. म्हणून त्याला ‘छाप’ म्हटले, तरी छापायला त्याच्यासमोर पडदाच नसतो. पहिल्यांदा हे काम करणारे बहुतेक जण इथेच अडतात.

ओरॅकलने यावर जो तोडगा काढला आहे, तो इमारतीच्या जिन्याखालच्या पत्रपेटीसारखा आहे. प्रोसीजर आपली चिठ्ठी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागेत टाकते. ती उचलून दाखवण्याचे काम आपण वापरतो त्या सॉफ्टवेअरचे. त्याने पेटी उघडलीच नाही, तर चिठ्ठी कोणालाच दिसत नाही.

चिठ्ठी टाकण्याची आज्ञा आहे डीबीएमएस_आउटपुट.पुट_लाइन. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांत करायच्या.) तिच्या कंसात मजकूर द्यायचा आणि जिथे शंका आहे तिथे ती ओळ घालायची. नुसते पुट वापरले, तर ओळ पुरी होईपर्यंत काहीच दिसत नाही, म्हणून सुरुवातीला पुट_लाइनच बरे.

आता पेटी उघडायला सांगू. एसक्यूएल प्लसमध्ये प्रोसीजर चालवण्याआधी सेट सर्व्हरआउटपुट ऑन लिहायचे. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये व्ह्यू मेनूतून डीबीएमएस आउटपुटची चौकट उघडून, हिरव्या अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून आपले कनेक्शन निवडायचे. हे विसरले तरी चूक दाखवली जात नाही, चिठ्ठ्या मुकाट्याने टाकून दिल्या जातात. शिवाय पेटी प्रत्येक सेशनची, म्हणजे प्रत्येक जोडणीची, वेगळी असते. एका सेशनमध्ये प्रोसीजर चालवून दुसऱ्यात चिठ्ठ्या शोधल्या, तर हाती काही लागत नाही.

चिठ्ठीत काय लिहावे, यावर थोडे थांबू, कारण खरी गंमत इथे आहे. ‘इथे आलो’, ‘इथेही आलो’ अशा ओळी लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि नंतर कोणता ‘इथे’ कुठला, ते आठवत नाही. त्यापेक्षा कोणती पायरी, कोणता सभासद आणि कोणती किंमत, हे तिन्ही लिहावे. किंमत चौकटी कंसात ठेवावी. ओरॅकलमध्ये नल, म्हणजे ‘किंमतच नाही’ अशी अवस्था, मजकुराला जोडली की ती कोऱ्या जागेसारखी नाहीशी होते. कंस असले की रिकामेपण डोळ्यांत भरते.

तारीख लिहाल, तर टू_चार वापरून वेळेसकट लिहा. नाही तर नेहमीच्या मांडणीत फक्त दिवस, महिना, वर्ष दिसते आणि रात्री १२ वाजताची नोंद व दुपारची नोंद सारखीच वाटते. ओळी आत सरकवण्यासाठी सुरुवातीला मोकळ्या जागा सोडल्या, तर एसक्यूएल प्लस त्या खाऊन टाकते. तिथे सेट सर्व्हरआउटपुट ऑन फॉरमॅट रॅप्ड लिहावे.

आता वेळेचा घोळ. पेटी उघडते ती प्रोसीजर संपल्यावरच. तासभर चालणाऱ्या कामात तासभर पडदा कोरा राहतो आणि शेवटी सगळ्या चिठ्ठ्या एकदम कोसळतात. ‘अडकले वाटते’ म्हणून धडधाकट चाललेले काम मीही एकदा मधेच मारले आहे. चालू कामाचा ठावठिकाणा हवा असेल, तर डीबीएमएस_अ‍ॅप्लिकेशन_इन्फो.सेट_क्लायंट_इन्फो वापरावे. त्यात लिहिलेला मजकूर, परवानगी असेल तर, दुसऱ्या खिडकीतून व्ही-डॉलर-सेशन या चालू सेशनच्या यादीत लगेच पाहता येतो.

पेटी भरूनही वाहते. कोडमध्येच डीबीएमएस_आउटपुट.एनेबल लिहिले आणि आकडा दिला नाही, तर मर्यादा २०,००० बाइटची असते. ती ओलांडली की ओआरए-२०००० ही चूक येते आणि तपासणीसाठी घातलेली ओळच मूळ काम पाडते. मराठी मजकूर लिहिणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे ‘ठेवीदार’ हा शब्द २१ बाइटचा झाला. १०जी रिलीज २ पासून अमर्याद आकार मागता येतो, त्यासाठी एनेबलला नल द्यायचे.

पत्रपेटी समोर बसलेल्या माणसासाठी ठीक. मध्यरात्री वेब अ‍ॅप्लिकेशनमधून प्रोसीजर चालली, तर त्या प्रोग्रॅमने स्वतः चिठ्ठ्या मागितल्याशिवाय त्या मिळत नाहीत. तेव्हा लॉग टेबल, म्हणजे नोंदवही, करावी. मात्र काम फसले आणि रोलबॅक झाला, म्हणजे केलेले बदल मागे घेतले गेले, की नोंदवहीतल्या ओळीही पुसल्या जातात. नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात!

यावर उपाय असा: नोंद करणारी छोटी प्रोसीजर वेगळी लिहायची आणि तिच्यात प्रॅग्मा ऑटोनॉमस_ट्रान्झॅक्शन ही ओळ घालायची. मग तिचा व्यवहार मूळ व्यवहारापासून सुटा होतो. तिच्यात कमिट, म्हणजे बदल पक्के करण्याची आज्ञा, विसरू नका, नाही तर ओआरए-०६५१९ येते. आणि या नोंदवहीत ग्राहकांचे खाते क्रमांक किंवा पासवर्ड लिहू नका, कारण ती कोण कोण वाचेल याचा भरवसा नसतो.

इतर डेटाबेसमध्ये रीत थोडी वेगळी आहे. पोस्टग्रेस एसक्यूएलमध्ये रेझ नोटिस लिहिले की संदेश प्रोसीजर चालू असतानाच येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रिंट आहे, पण तो रेंगाळतो. लगेच हवा असेल तर रेझएरर, तीव्रता शून्य आणि शेवटी विथ नोवेट. मायएसक्यूएलमध्ये अशी खास आज्ञाच नाही, तिथे साध्या सिलेक्टने मजकूर बाहेर काढतात.

आपल्या उदाहरणातल्या त्या तीन सभासदांकडे परत जाऊ. चिठ्ठीत व्याजदरापुढे दिसले नुसते []. दर भरायचाच राहिला होता आणि पुढच्या ओळीतल्या एनव्हीएलने त्या रिकाम्या किमतीचे शून्य केले होते.