वर्तमानपत्राची पडशी

खांद्यावर पडशी टाकून निघालेला माणूस आता आमच्या इंदुरात दिसत नाही. पण तिचे ते दोन कप्पे, एक छातीवर नि एक पाठीवर, ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अमेरिकेतील पेपर टाकणाऱ्या मुलांची कॅनव्हासची पिशवी वेगळी समजावून सांगायला नको. मधल्या भोकातून डोके घालायचे, की ओझे दोन्हीकडे वाटले जाई. पुढचा कप्पा रिता झाला म्हणजे पिशवी फिरवून मागचा पुढे घ्यायचा. दुसरा प्रकार एकाच रुंद पट्ट्याचा. सायकल असली तर तो पट्टा हँडलला गुंडाळीत. कापड जाड, सुती, घट्ट विणीचे. भिजले की धागे फुगून वीण अधिकच आवळते, म्हणून पावसाची एखादी सर तिला सहज सोसे. शाईने मात्र ती आतून काळी होई, आणि मुलाचे हातही!

दर्शनी बाजूवर पत्राचे नाव ठसठशीत छापलेले असे. मालकाला फुकटची फिरती जाहिरात! मला ती पिशवी खटकते ती इथेच. नाव पत्राचे; मुलगा मात्र बहुधा पत्राचा नोकर नसे. तो 'छोटा व्यापारी'. अंक घाऊक भावाने घ्यायचे, गिऱ्हाइकांकडून वसुली आपणच करायची, कोणी बुडवले तर तोटाही आपलाच. १८९९ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अंक विकणाऱ्या पोरांनी पुलित्झर आणि हर्स्ट या बड्या मालकांविरुद्ध संप केला, तो असल्याच हिशेबापायी. आदल्या वर्षी स्पेनशी युद्ध चालू असताना शंभर अंकांचा भाव ५० सेंटांवरून ६० झाला होता. युद्ध संपले तरी या दोघांनी तो उतरवला नाही. सुमारे दोन आठवड्यांनी तडजोड झाली. भाव ६० च राहिला, पण न खपलेले अंक परत घेण्याचे मालकांनी कबूल केले. पोरांच्या मानाने हा विजय लहान नव्हे.

माझ्या तिकिटांच्या वहीत १९५२ सालचे अमेरिकेचे ३ सेंटांचे तिकीट आहे. त्यावर पेपर टाकणारा मुलगा आहे, आणि त्याच्या पिशवीवर बोधवाक्य आहे: कामात गुंतलेली मुले ती अधिक चांगली मुले. वाक्य गोड खरे. परंतु तेथील मध्यवर्ती मजुरी कायद्यातील किमान वेतनाची व बालमजुरीची कलमे घरोघर पेपर टाकणाऱ्याला लागू नाहीत, आजही.

आता तिकडे हे काम बहुतेक मोटारीतून येणारी मोठी माणसे करतात, आणि जुन्या पिशव्या हौशी लोक जमवतात. आमच्या गल्लीतल्या पेपरवाल्याच्या पिशवीवर मात्र कुणाचेच नाव नाही. तिच्यात हिंदी, मराठी, इंग्रजी सगळेच असतात.