भटारखान्याचा महाल

गेटवेहून मांडव्याची लाँच सुटली की प्रवासी हमखास मागे वळून बघतात. कमान हळूहळू लहान होते. तिच्याशेजारचा राखाडी दगड आणि लालसर घुमट मात्र बराच वेळ नजरेत राहतात. समुद्रावरून दिसणारी ही मुंबई ताजमहाल हॉटेलची आहे. गेटवे पुरा झाला १९२४ साली, ताजची दारं उघडली १६ डिसेंबर १९०३ ला. तब्बल एकवीस वर्षं कमानीविना हाच घुमट बोटींचं स्वागत करत होता.

जमशेदजी टाटांच्या डोक्यात तेव्हा विज्ञानसंस्था होती, पोलादाचा कारखाना होता. त्यात हॉटेलाचा बेत निघाला, तेव्हा आता भटारखानाही काढणार का, असं त्यांच्या बहिणीने विचारल्याचं सांगतात. हॉटेल काढण्यामागचं कारण म्हणून गोऱ्यांच्या हॉटेलात जमशेदजींच्या झालेल्या अपमानाची कथा जास्त प्रसिद्ध आहे, पण मला त्या काळाची आठवण अधिक बोलकी वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक गाठोडी बांधून गावाकडे निघाले. अशा शहरात, १८९८ साली, हे काम सुरू झालं. मुंबई पुन्हा उभी राहील आणि जग इथे पाहुणं म्हणून येईल, यावर त्या माणसाचा विश्वास होता. हॉटेल उघडल्यावर जेमतेम पाच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, ते गेले.

आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. इमारत पुरी होण्याआधीच वैद्य वारले. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीला नेलं. नकाशा उलटा वाचला गेला, म्हणून वास्तुकाराने जीव दिला, ही दंतकथा मुंबईत अजून ऐकू येते. त्यात तथ्य नाही. मूळ प्रवेशद्वार जाणूनबुजून शहराच्या बाजूला ठेवलं होतं. घोडागाड्या तिकडूनच येत. आज त्या जागी पोहण्याचा तलाव आहे. आत शिरल्यावर मधल्या जिन्याखाली उभं राहून एकदा वर बघावं. मजल्यामागून मजला चढत तो थेट घुमटाखाली जातो, आणि एवढं ओझं कशावर पेललंय हे पटकन कळत नाही. खानसाहेब सोराबजी कॉन्ट्रॅक्टर यांचं ते कसब.

पण महाल बघायला माणूस एकदा येतो. पुन्हा येतो तो जेवायला.  १९३३ मध्ये इथे हार्बर बार सुरू झाला. युरोपीय जेवणाचा दबदबा असलेल्या या स्वयंपाकघराची सूत्रं गोव्याच्या मिगेल आर्कांजो मास्कारेन्हस यांच्या हाती आली. सगळे त्यांना ‘मास्की’ म्हणत. सी लाउंजच्या खिडकीशी बसून बंदर बघत शेवबटाटापुरी खाता येते. आपल्याकडे घरी कांदेपोहे करून जे कार्यक्रम होतात, तसे कित्येक या लाउंजमध्ये चहाच्या कपावर झाले. १९७३ मध्ये गोल्डन ड्रॅगनने सिचुआन पद्धतीचं तिखट चिनी जेवण वाढायला घेतलं. देशात पहिलेपणाचा मान त्यालाच देतात. आज कोपऱ्यावरच्या गाडीवर ‘शेजवान’ मागणाऱ्या पोराला या वंशावळीची कल्पनाही नसते. तरी चव पोहोचली, हे मोठंच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी ताजवर हल्ला केला, तेव्हा या हॉटेलाची खरी ओळख पटली. मागच्या वाटा, नोकरांचे जिने, भटारखान्याची दारं कर्मचाऱ्यांना तोंडपाठ होती. मनात आणलं असतं तर अनेकांना निसटता आलं असतं. ते थांबले. आचारी, वाढपी पाहुण्यांना आडोशाला नेत राहिले, स्वयंपाकघरातून बाहेर काढत राहिले, आणि गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांतले काही तिथेच पडले. त्या हल्ल्यात ताजमध्ये गेलेल्यांची नावं आज लॉबीतल्या स्मारकावर कोरलेली आहेत. पाहुणे आणि नोकर एकाच यादीत.

हल्ल्यात जळालेला जुना महाल दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला. झुंबरं लागली, जिना उजळला, रांधणं सुरू झालं. बहिणीने चेष्टेत काढलेला तो शब्द आता मला मानाचा वाटतो. दगडाचा महाल पैशाने बांधता येतो. दारी आलेल्या माणसाला आपल्या जिवाआधी जपायचं, हे मात्र भटारखान्यातल्या माणसांनी शिकवलं.