गाडी रंगवताना शटर बंद करू नका

वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी. इंजिन अजून ठणठणीत, पण दारांच्या खालचा पत्रा गंजलेला आणि मूळचा पांढरा रंग पार पिवळट पडलेला. गॅरेजवाल्याने रंगाचा सांगितलेला आकडा ऐकून घरच्या कर्त्याने ठरवले, दिवाळीच्या आत गाडी घरीच रंगवायची. कॉम्प्रेसर भाड्याने आला, स्प्रे गन मित्राकडून मिळाली, चार रविवार घासकामात आणि पुट्टीत गेले. अखेर रंगाचा दिवस उजाडला आणि बंगल्याच्या गॅरेजचे शटर खर्रकन खाली आले. कारण एकच, ओल्या रंगावर धूळ बसू नये.

अर्ध्या तासात आतून हाक आली, "अहो, घरभर वास पसरलाय, आईंचा खोकला थांबत नाहीये!" तो बाहेर आला तेव्हा त्याचेही डोके गरगरत होते. आणि त्याच वेळी, गॅरेजला लागून असलेल्या देवघरात समई तेवत होती.

हे दृश्य कुठल्याही घरातले असू शकते. हौस चांगली, हातही चांगला, फक्त हवेचा विचार राहून गेलेला.

रंग पातळ करायला जे थिनर वापरतात, त्यात टोल्यूइन, झायलीन, ॲसिटोन यांसारखी द्रावणे असतात. ती झपाट्याने उडतात, म्हणूनच रंग लवकर वाळतो. पण उडून ती जातात कुठे? टोल्यूइनची वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते. ती वर झरोक्याकडे न जाता जमिनीलगत पसरते, दाराच्या फटीतून घरात शिरते, गाडीखालच्या खड्ड्यात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण एक टक्क्याहून जरा जास्त झाले, तर एक ठिणगीही भडका उडवायला पुरते.

हिशेब करून पाहा. १८ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच बंद गॅरेजमध्ये गाडी उभी असताना साधारण दोन लिटर टोल्यूइन हवेत उडाले, तरी सगळी खोली त्या मर्यादेला पोहोचते. अख्खी गाडी रंगवायची आणि मधूनमधून गन धुवायची, तर दोन लिटर थिनर म्हणजे फार नव्हे. डोके दुखायला, मळमळायला आणि तोल जायला तर याच्या कितीतरी कमी वाफ पुरे होते.

हवेला दिशा द्या

नुसती खिडकी उघडणे म्हणजे हवा खेळती ठेवणे नव्हे. हवा एका बाजूने स्वच्छ आत यायला हवी आणि गाडीवरून फिरून दुसऱ्या बाजूने, तीही खालून, बाहेर जायला हवी. मागे खिडकी आणि पुढे शटर असेल तर काम सोपे. शटर निदान दीड-दोन फूट वर उचलून ठेवा.

पंखा कुठे लावायचा? बहुतेकजण स्वयंपाकघरासारखा तो हवा बाहेर फेकायला लावतात. पण मग सगळी वाफ त्याच्या मोटारीवरून जाते आणि घरगुती पंख्याची मोटार अशा वाफेसाठी बनवलेली नसते. त्यापेक्षा मागच्या खिडकीत पंखा असा बसवा, की तो बाहेरची हवा आत ढकलेल. मोटार स्वच्छ हवेत राहते आणि वाफ शटरखालून निघून जाते. मात्र आत ढकललेली हवा मिळेल त्या फटीतून वाट काढते, म्हणून घराकडचे दार आधी प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी लावून पक्के बंद केलेच पाहिजे. पंखा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी सुरू करा आणि वास पूर्ण गेल्यावरच बंद करा, कारण बटणातही ठिणगी पडते. रंगवणाऱ्याने पंख्याकडे पाठ करून उभे राहावे.

धुळीसाठी शटर लावायची गरजच नाही. आदल्या दिवशी गॅरेज झाडून घ्या, रंगवण्यापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडा (विजेच्या तारा तेवढ्या उचलून), आणि पंख्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा अंतर ठेवून, विरळ सुती कापड ताणून बांधा. शटरसमोर शेजाऱ्यांची गाडी किंवा वाळत घातलेले कपडे नाहीत ना, हेही पाहा. उडालेले तुषार त्यांच्यावर बसले की वर्षभराचे बोलणे ऐकावे लागते.

गॅरेज ही आपल्याकडे अडगळीचीही जागा असते. तिथे इन्व्हर्टर असतो, जुना फ्रिज असतो, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर असतो, कधी गॅस गीझरही असतो. हे सगळे आधी बंद करा, फ्रिजचा प्लग काढा. कॉम्प्रेसर बाहेर ठेवून लांब नळीने हवा आणा. विडी-सिगारेट, उदबत्ती, समई त्या दिवशी जवळपास नकोच. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तर हा उद्योग कधीच करू नये. तिथे जड वाफेला बाहेर जायला वाटच नसते.

रुमाल कामाचा नाही

तोंडाला रुमाल बांधून रंग मारणारे कारागीर सगळ्यांनी पाहिले आहेत. रुमालाने वाफ अडत नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेले एन-९५ मास्कही कण अडवतात, वाफ नाही. त्यासाठी कोळशाचे कार्ट्रिज आणि पुढे तुषारांची गाळणी असलेला रबरी मास्क लागतो. दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही.

आणि रंग कोणता, यावर बरेच अवलंबून आहे. कारागीर ज्याला अजून ड्यूको म्हणतात तो जुन्या पद्धतीचा एनसी रंग थिनर उडून वाळतो. आजचा चकचकीत टू-के रंग हार्डनर मिसळून वापरतात आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा वास फारसा जाणवत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपले तरी कळत नाही. त्यांच्यामुळे दमा जडू शकतो आणि एकदा शरीराला त्यांचे वावडे झाले, की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. त्यासाठी बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मास्कच हवा.

व्यावसायिक बूथमध्ये हवा मिनिटाला साधारण १०० फूट वेगाने वाहती ठेवतात. वरच्या मापाच्या गॅरेजमध्ये तेवढा वेग आणायचा तर मिनिटाला ९,००० घनफूट हवा लागेल. घरगुती १२ इंची पंखा हजार घनफुटांच्या आतबाहेरच हवा हलवतो. आगीचा धोका त्याने बराच घटतो, पण नाकापुढचा तुषारांचा ढग हटत नाही. तेव्हा घासकाम, पुट्टी खुशाल घरी करा, एखादे दार किंवा मडगार्ड एनसी रंगाने रंगवा. टू-केचा शेवटचा हात मात्र बूथ असलेल्या गॅरेजमध्येच द्या. पैसे तरीही बरेच वाचतात.

पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत एनसी रंगावर पांढरी झाक येते आणि पावसाच्या भीतीने शटर खाली ओढले जाते ते वेगळेच. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

रंग मारून झाला तरी वाफ निघतच राहते. पंखा आणखी काही तास चालू द्या, थिनरची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा. आणि गॅरेजला लागून असलेल्या खोलीत आई-वडील किंवा लहान मूल झोपत असेल, तर त्या रात्रीपुरते त्यांचे अंथरूण दुसऱ्या खोलीत घाला.