यादीत राहून गेलेले नाव

रमजान सुरू झाला की आमच्या कोकणात आखाती देशांतून येणारे फोन वाढतात. इकडे मगरिबची अजान होऊन रोजा सुटतो, तेव्हा शारजात इफ्तारला तासाभराहून अधिक वेळ असतो. माझी धाकटी बहीण यंदा ईदनंतर दोन्ही मुलांना घेऊन तिथेच, नवऱ्याकडे राहायला चालली आहे. त्यामुळे खेडच्या तिच्या घरी इफ्तारनंतर रोज कागदपत्रांची फाईल उघडते.

बायकामुलांना नेण्यासाठी तिथे दरमहा किमान 4,000 दिरहम पगार लागतो. राहायची जागा कंपनीची असेल तर 3,000. नुसता निकाहनामा चालत नाही. विवाहनोंदणीच्या दाखल्यावर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, नंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का हवा. दाखल्यात बहिणीचे नाव एका अक्षराने चुकले होते. ते दुरुस्त करण्यात दोन महिने गेले. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथेही एप्रिलमध्येच सुरू होतात, म्हणून ही घाई. मुलांना अरबी शिकावे लागेल. कुरआनमुळे अक्षरे ओळखीची आहेत, पण भाषा नव्यानेच शिकायची आहे.

सगळी तयारी झाली असे वाटत असताना एके संध्याकाळी तिच्या सासूबाईंनी विचारले, "माझ्या बीपीच्या गोळ्या कोण आणील गं?"

कुणीच बोलेना. आईवडिलांना नेण्यासाठी पगाराची अट कितीतरी मोठी आहे, त्यामुळे त्यांचे नाव फाईलमध्ये आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बहिणीने नवी यादी केली. औषधे भाचा आणील. घराची एक चावी शेजारच्या काकूंकडे. घरपट्टी, वीजबिल, बँक, डॉक्टरांचा नंबर, सगळे एका वहीत. दरवर्षी घरी यायचे. तिकडे शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे मुलांना आंबे नाहीत, पाऊस मात्र भरपूर!

तिथली नोकरी गेली की व्हिसाही टिकत नाही. म्हणून खेडचे घर नांदते राहायलाच हवे, आणि ते सासूबाईच नांदते ठेवणार आहेत.

तुमच्याही घरातून कुणी परदेशी निघाले असेल, मग ते दुबईला असो वा कॅनडाला, तर व्हिसाची फाईल उघडण्याआधी मागे राहणाऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याला काय लागेल ते विचारा. आमच्याकडे हा प्रश्न फार उशिरा निघाला.