बोटॉक्स घ्यायचं ठरवलंय? सुई टोचण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'सीडीसी' या सार्वजनिक आरोग्य संस्थेने एक इशारा दिला. ११ राज्यांतल्या २२ महिलांना चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवण्याचं इंजेक्शन घेतल्यानंतर त्रास सुरू झाला होता. कुणाला धूसर दिसत होतं, कुणाच्या पापण्या उघडत नव्हत्या, कुणाला घास गिळता येत नव्हता, तर कुणाला श्वास घ्यायला अडचण होत होती. ११ जणींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने कुणाचाही मृत्यू झाला नाही.

या सगळ्या जणींमध्ये एक गोष्ट समान होती. इंजेक्शन देणारी व्यक्ती एकतर परवाना किंवा प्रशिक्षण नसलेली होती, नाहीतर इंजेक्शन घरी किंवा स्पासारख्या ठिकाणी दिलं गेलं होतं. काहींना दिलेलं औषधच बनावट निघालं.

बोटॉक्स आता फक्त सिनेतारकांपुरतं राहिलेलं नाही. मुंबई-पुण्यापासून छोट्या शहरांपर्यंत त्याच्या जाहिराती आणि 'आधी-नंतर'चे फोटो मोबाइलवर दिसतात. म्हणूनच ते घ्यायचं असेल, तर सुरक्षितपणे कसं घ्यायचं, हे समजून घ्यायला हवं.

बोटॉक्स म्हणजे नेमकं काय?

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा एक जिवाणू आहे. तो जे विष तयार करतो, त्याला बोटुलिनम टॉक्सिन म्हणतात. नीट न टिकवलेल्या अन्नातून हे विष पोटात गेलं तर 'बोटुलिझम' हा जीवघेणा आजार होऊ शकतो. हेच विष शुद्ध करून, अतिशय सूक्ष्म मात्रेत औषध म्हणून वापरलं जातं. 'बोटॉक्स' हे खरं तर त्याच्या एका ब्रँडचं नाव. डिस्पोर्ट, झिओमिन असे इतरही ब्रँड आहेत.

आपण कपाळाला आठ्या घालतो तेव्हा मज्जातंतू स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोप देतो. हे औषध तो निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. स्नायू सैल पडतो आणि वरची त्वचा सपाट दिसते. परिणाम तीन-चार दिवसांत जाणवू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो.

डोळ्यांचं औषध कपाळापर्यंत कसं आलं?

अमेरिकेत १९८९ मध्ये या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक फडफड यांवरच्या उपचारासाठी. त्याच सुमारास कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स पापण्यांच्या रुग्णांना हे इंजेक्शन देत होत्या. त्यामुळे भुवयांमधल्या आठ्याही कमी होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ असलेले पती ॲलिस्टर यांच्यासोबत त्यावर काम केलं आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली.

म्हणजे डॉक्टरांना हे औषध काही दशकांपासून माहीत आहे. योग्य हातात आणि योग्य मात्रेत त्याचे गंभीर दुष्परिणाम विरळ असतात. मोठा धोका उद्भवतो तो बहुतेक वेळा अप्रशिक्षित हात, संशयास्पद औषध किंवा चुकीचं ठिकाण यांमुळे. म्हणून होकार देण्याआधी पुढचे प्रश्न विचारा.

१. इंजेक्शन कोण देणार?

चेहऱ्यावर हसण्याचे, पापणी उचलण्याचे, ओठ मिटण्याचे छोटे छोटे स्नायू एकमेकांना खेटून असतात. औषध थोडं बाजूला पसरलं तरी पापणी खाली येऊ शकते किंवा हसू वाकडं होऊ शकतं. त्यामुळे प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जावं. कॉस्मेटॉलॉजीचं काही दिवसांचं प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीय पदवी नव्हे.

डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. इन्स्टाग्रामवर फॉलोअर्स किती आहेत, यावरून पात्रता कळत नाही.

२. कुठे देणार?

ब्यूटी पार्लर, मैत्रिणीचं घर, हॉटेलमधली 'बोटॉक्स पार्टी' ही इंजेक्शनची ठिकाणं नाहीत. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली किंवा कुणी चक्कर येऊन पडलं, तर लगेच उपचार करता येतील अशी जागा हवी. ऑनलाइन औषध मागवून आरशासमोर स्वतःच टोचून घेणं तर जिवाशी खेळ आहे.

३. कुपी दाखवाल का?

बहुतेक ब्रँडमध्ये औषध कोरड्या स्वरूपात, छोट्या सीलबंद कुपीत येतं. वापरण्याआधी त्यात सलाइन मिसळतात. बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. आधीच भरून आणलेली सिरिंज कुणी पर्समधून काढली, तर तिथून उठलेलंच बरं.

ब्रँडचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. २०२४ मध्ये अमेरिकेत सापडलेल्या बनावट बोटॉक्सच्या खोक्यावर १५० युनिट असं लिहिलेलं होतं. मूळ कंपनी त्या मापाची कुपी बनवतच नाही. म्हणजे खोटेपणा लेबलवरच होता, फक्त ते कुणीतरी वाचायला हवं होतं.

औषध कुठून आलं, याला किती महत्त्व आहे, हे २००४ मध्ये फ्लोरिडात दिसलं. तिथे प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठीचं, माणसांसाठी मान्यता नसलेलं तीव्र टॉक्सिन टोचल्याने चौघांना बोटुलिझम झाला. त्यांपैकी एक जण इंजेक्शन देणारा डॉक्टरच होता. त्याचा परवाना आधीच निलंबित झालेला होता.

४. किती युनिट देणार?

या औषधाची मात्रा 'युनिट'मध्ये मोजतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा २० युनिट आहे. ती पाच ठिकाणी विभागून देतात. मात्र एका ब्रँडचं एक युनिट म्हणजे दुसऱ्याचं एक युनिट नव्हे, त्यामुळे ब्रँड आणि युनिट दोन्ही लिहून घ्या. 'पूर्ण चेहरा इतक्या रुपयांत' अशा ऑफरमध्ये नेमकी हीच माहिती नसते. औषध जास्त पातळ केलेलं असेल तर पैसे वाया जातात आणि बनावट असेल तर प्रकृतीवर बेततं.

५. त्रास झाला तर कुणाला गाठायचं?

फिलर आणि बोटॉक्स यांत अनेकांचा गोंधळ होतो. फिलर म्हणजे त्वचेखाली भरलेलं जेल. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं औषध मिळतं. बोटॉक्सने सैल पडलेला स्नायू मात्र हवा तेव्हा पूर्ववत करता येत नाही, परिणाम ओसरेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून नंतरही फोन उचलणारे आणि पुन्हा तपासणारे डॉक्टर हवेत.

कुणी घेऊ नये?

गरोदर असताना आणि बाळाला अंगावर पाजत असताना हे इंजेक्शन टाळावं, असा सल्ला दिला जातो. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायू-मज्जातंतूंचा आजार असलेल्यांना धोका जास्त असतो. इंजेक्शनच्या जागी संसर्ग असेल किंवा आधी ॲलर्जी झाली असेल, तरी ते देत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

घरी गेल्यावर काय लक्षात ठेवायचं?

त्या दिवशी चेहरा चोळू नका, फेशियल किंवा मसाज करू नका आणि जोरदार व्यायाम टाळा. टोचलेल्या जागी थोडी सूज किंवा काळंनिळं पडणं, डोकं दुखणं हे त्रास बहुधा आपोआप जातात. लग्न किंवा समारंभ असेल तर आदल्या दिवशी नव्हे, निदान तीन-चार आठवडे आधी जा. पुढचं इंजेक्शन तीन महिन्यांच्या आत घेऊ नका.

काही लक्षणं मात्र अंगावर काढू नयेत. दुहेरी किंवा धूसर दिसणं, दोन्ही पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, अंगात अशक्तपणा, धाप लागणं ही बोटुलिझमची लक्षणं असू शकतात. ती काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही दिसू शकतात. अशा वेळी पार्लरला किंवा क्लिनिकला मेसेज करून उत्तराची वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि इंजेक्शन घेतल्याचं लाजून लपवू नका. यावरचं प्रतिविष आजार पुढे वाढणं रोखतं, पण झालेला लकवा लगेच मागे फिरवत नाही. त्यामुळे ते जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. मोबाइलमधला कुपीचा फोटो तेव्हा डॉक्टरांना दाखवा.