कॅश : गल्ल्यातली आणि संगणकातली

‘कॅश’ म्हटले की आम्हां बँकवाल्यांना नोटाच दिसतात. संगणक शिकणाऱ्या आपल्या मंडळातील मुलांची ‘कॅश’ निराळी. इंग्रजी स्पेलिंग वेगळे, उच्चार मात्र तोच, आणि गंमत म्हणजे कामही बरेचसे तेच. रोखपाल दिवसाला पुरेल एवढी रक्कम गल्ल्यात ठेवतो; प्रत्येक चेकला स्ट्राँगरूम उघडत बसत नाही.

फिरत्या हार्डडिस्कवरून एक नोंद काढायला साधारण १० मिलिसेकंद लागतात; मुख्य स्मृतीतून त्याच्या लाखाव्या हिश्श्याइतका वेळ. म्हणून वारंवार लागणारी माहिती स्मृतीत ठेवायची. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी छोट्या, जलद स्मृतीची ही कल्पना १९६५ साली मांडली.

माहिती अनेक यंत्रांत विभागली की नवा प्रश्न येतो. आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ महासंगणक सिद्ध केला. त्यात प्रत्येक प्रोसेसरची स्मृती स्वतंत्र. दुसऱ्याकडची माहिती हवी तर निरोप धाडावा लागे. हीच यंत्रे दोन शहरांत असली तर? काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे–दिल्ली सरळ रेषेत साडेअकराशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे जाऊन-येऊन ११ मिलिसेकंदांहून अधिक. कितीही महाग यंत्र आणले तरी हे अंतर तुटत नाही. नक्कल जवळ ठेवणे हाच उपाय.

पण नक्कल शिळी होते, आणि खरी मेख इथेच आहे. पासबुक ही खात्याची नक्कलच. काल त्यात पाच हजार छापले, आज सकाळी एटीएममधून चार हजार काढले, तरी पासबुक पाचच हजार सांगते! त्यावर विसंबून पैसे दिले तर बँक बुडायची. म्हणून नकलेला मुदत घालतात, किंवा मूळ नोंद बदलताच सर्व नकला रद्द करण्याचा निरोप पाठवतात. सगळ्या नकलांची मुदत एकदम संपली तर मात्र पगाराच्या दिवशी सारे गल्ले एकाच वेळी रिकामे व्हावेत तशी मूळ साठ्यावर झुंबड उडते. मुदती पुढेमागे ठेवलेल्या बऱ्या.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचेच पाहा. शेवटच्या दिवशी हजारो मुले तेच नियम वाचतात. ते नकलेतून द्यावेत, मिनिटभर शिळे असले तरी बिघडत नाही. त्यामुळे मूळ यंत्र अर्ज घ्यायला मोकळे राहते. भरलेला अर्ज मात्र केवळ जलद स्मृतीत ठेवून ‘मिळाला’ म्हणणे आम्हांस मान्य नाही. वीज गेली की तो अर्ज गेला. आधी मूळ साठ्यात पक्की नोंद, मग मुलाच्या हाती पोच. त्याला थोडा उशीर लागला तरी चालेल.