हार्लेमच्या कॉलेजचा धडा

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपले कार्यकर्ते अभिमानाने सांगतात. पण त्याच कृष्णवर्णीय मुक्तिलढ्यातील माणसांनी न्यूयॉर्कमध्ये चिनी अ‍ॅक्युपंक्चर शिकविणारी संस्था काढली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

साउथ ब्राँक्स ही कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन गरिबांची वस्ती. तेथील लिंकन हॉस्पिटलला लोक खाटीकखाना म्हणत. जुलै १९७० मध्ये यंग लॉर्ड्स या पोर्टोरिकन तरुणांच्या संघटनेने हॉस्पिटलचा ताबा घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथर आणि त्यांच्या साथीदारांनी तेथे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. हेरॉइनने वस्त्या पोखरल्या होत्या आणि सरकारी उपाय होता मेथाडोन. म्हणजे एका गुलामीच्या जागी दुसरी, असे या कार्यकर्त्यांचे म्हणणे. कानात सुया टोचल्यावर अफूच्या व्यसनी रुग्णांचा त्रास कमी होतो, हे हाँगकाँगच्या डॉ. वेन यांचे निरीक्षण १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. लिंकनच्या कार्यकर्त्यांनी ही विद्या शिकायचे ठरविले.

विद्या शिकणे सोपे, ती वापरण्याचा हक्क मिळविणे कठीण, हे आम्हा वकिलांना रोज दिसते. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात मिरियम ली या चिनी बाईंना विनापरवाना सुया टोचल्या म्हणून अटक झाली, तेव्हा त्यांचे रुग्णच कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे तेथील कायदा बदलला. लिंकनमधील मुतुलू शकूर यांनी १९७६ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाचे प्रमाणपत्र मिळविले. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या महापालिकेने या कार्यकर्त्यांना हॉस्पिटलबाहेर काढले. तेव्हा शकूर आणि सहकाऱ्यांनी हार्लेममध्ये दवाखाना आणि 'हार्लेम इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्युपंक्चर' उभारली. ज्या वस्तीला डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, त्या वस्तीतीलच माणसे उपचार करू लागली. ज्ञानावरची मक्तेदारी मोडणे म्हणतात ते हेच!

पण कथा इथे संपत नाही. १९८१ मध्ये न्यूयॉर्कजवळ ब्रिंक्स कंपनीच्या पैशांच्या गाडीवर दरोडा पडला; एक रक्षक आणि दोन पोलीस ठार झाले. या प्रकरणात १९८८ मध्ये शकूर दोषी ठरले. २०२२ च्या अखेरीस ते सुटले आणि २०२३ मध्ये वारले. दरोड्यानंतरच्या धरपकडीत हार्लेमची संस्थाही टिकली नाही. ज्या हातांनी सुया टोचून माणसे सावरली, त्याच हातांचे नाव रक्तपाताशी जोडले गेले. गरीब वस्तीने मात्र आपला दवाखाना गमावला. कानातील पाच सुयांची पद्धत पुढे १९८५ मध्ये लिंकनच्याच डॉ. मायकेल स्मिथ यांनी काढलेल्या 'नाडा' संघटनेने जगभर नेली. पण तिच्या मुळाशी असलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांची नावे फार थोड्यांना माहीत राहिली.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २००२ मध्ये कोकेनच्या ६२० व्यसनी रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत कानातील सुया नकली उपचारापेक्षा सरस ठरल्या नाहीत. तपासल्याशिवाय काही मानू नका, असे बुद्धाने कालामांना सांगितले. आयुर्वेदाच्या नावाने चालणाऱ्या भाकडकथा आपण नाकारतो, तर सुयांनाही तीच कसोटी लावली पाहिजे. विद्रोही माणसाने वापरली म्हणून विद्या खरी ठरत नाही.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले. घटना, नोंदणी, हिशेब, विश्वस्त या सगळ्यांसह. म्हणून त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरही संस्था राहिली. आज महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. उद्या आपली मुले ही किंवा दुसरी कोणतीही वैद्यकविद्या शिकतील, तेव्हा त्यांच्या हाती प्रमाणपत्र हवे, डोक्यात चिकित्सा हवी आणि पाठीशी कायदेशीर संस्था हवी. पँथरचे नाव आपण घेतले; त्यांच्या दवाखान्याकडे मात्र पाहिले नाही. आता तरी पाहू या!

जयभीम.